हिराई लागली

हिराकाकी परवा वारली.

"गेली" असं लिहीत नाही. तो शब्द तिला चालायचा नाही. तिच्या घरून उठताना कोणी "जाते" म्हटलं, की ती हाताला धरून परत बसवायची.

"येते बोल, मग ऊठ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काकी उरणजवळच्या एका कोळीवाड्यातली. धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बायकांची पुढारी. निवडून वगैरे आलेली नव्हती. आवाज तिचाच सगळ्यात मोठा, त्यामुळे मतदानाची वेळच आली नाही.

मी बेलापूरच्या एका छोट्या संस्थेत सॉफ्टवेअर बनवते. काही वर्षांपूर्वी आम्हाला तिथला एक प्रोजेक्ट मिळाला. कुठली बोट समुद्रात आहे आणि कुठली परत आली, हे गावाला फोनवर कळावं, एवढंच काम.

फंडिंग परदेशातलं, प्रेझेंटेशन इंग्रजीतलं. समुद्र तेवढा इथला.

आत गेलं की रेंज नसते. म्हणून बटणं घरच्या बायकांच्या फोनवर दिली. बोट सुटली की हिरवं दाबायचं, परत आली की लाल. दाबलं की गावात सगळ्यांना मेसेज जाणार: बोटीचं नाव आणि पुढे एक शब्द.

हिरव्याला शब्द होता "निघाली".

लालला "संपली". 'ट्रिप एंडेड'चं आमचं भाषांतर.

हिरवं बटण सगळ्या दाबायच्या. लाल एकीनेही दाबलं नाही.

ऑफिसात ठरलं की ट्रेनिंग कमी पडलं. पुन्हा ट्रेनिंग घेतलं, वडापाव ठेवले. बायकांनी वडापाव खाल्ले, माना डोलावल्या आणि घरी गेल्या. लाल बटण तसंच.

मग एका दुपारी अचानक वारा फिरला.

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात आमची स्क्रीन होती. तिच्यावर गावातल्या झाडून सगळ्या बोटी समुद्रात. त्यातल्या बऱ्याचशा खिडकीतून समोर बांधलेल्या दिसत होत्या. उरलेल्यांपैकी कोण खरंच बाहेर आहे आणि कोणी दुसऱ्या बंदरात लावलीय, कोणालाच सांगता येईना; वायरलेसवर नुसती खरखर.

काकीला स्वतःचं माहीत होतं. तिचा मुलगा दिनेश बाहेर होता. बोटीचं नाव हिराई, म्हणजे हिचंच.

कोणाला शोधायचं ते कळेना म्हणून मदतीला निघालेली बोट धक्क्याला खोळंबली आणि काकी गल्लीतून हाका मारत फिरली.

"कोनाची हाय बाहेर? कोनाची?"

संध्याकाळी हिराई दुसऱ्या बोटीच्या दोरीला बांधून आली. इंजिन बंद, माणसं सगळी धड.

दिनेश जेवायला बसल्यावर मी काकीला विचारलं, "तुम्ही लाल बटण का दाबत नाही?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. "दाबल्यावर काय येल, वाच."

"हिराई संपली."

"आता तुज्या आयशीचं नाव घाल तिथं, नि परत वाच."

मी वाचलं नाही.

"घरातला दिवा पन आमी विझवला बोलत नाय गो. आनि तू बोटीला संपली लिवलंस."

"मग काय लिहू?"

"लागली."

मी साताऱ्याची. आमच्याकडे एसटी लागते, म्हणजे उलटी होते. हे सांगितल्यावर काकी हसता हसता भिंतीला टेकली.

"किनाऱ्याला लागली गो, येडे."

दुसऱ्या दिवशी शब्द बदलला. त्या आठवड्यात स्क्रीन आणि खिडकी यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

रिपोर्टमध्ये आम्ही याला 'भाषिक सुधारणा' म्हटलं. काकीला वाचून दाखवला. "माज्यावर कुठं लिवलंय?" म्हणाली. लिहिलं नव्हतं. मग तिथेच बसून तिने स्वतःवर दोन ओळी घालून घेतल्या. कौतुकाच्या.

मला ती फार आवडायची. हे तिला कधी सांगितलं नाही, ती मासळीचा दर वाढवेल म्हणून.

परवा सकाळी ती वारली तेव्हा दिनेश समुद्रात होता.

निरोप वायरलेसवरून या बोटीतून त्या बोटीला करत गेला. त्याला मिळाला की नाही, कळायला मार्ग नव्हता. ग्रुपवर आरआयपी आणि जोडलेले हात येत होते. अंगणात माणसं बसून. जाणती मंडळी हळू आवाजात म्हणत होती, फार वेळ ठेवता येणार नाही.

सून फोन घेऊन धक्क्यावर उभी होती.

दुपार कलल्यावर अंगणातले सगळे फोन एकदम वाजले. माझाही.

"हिराई लागली."

हा शब्द कोडमध्ये मीच टाईप केलेला. पण परवा तो पहिल्यांदा वाचला असं वाटलं.

मग कोपऱ्यातली एक म्हातारी पदर खोचून उठली.

"चला. आली."

कोण आली, ते तिला कोणी विचारलं नाही.

मयताच्या घरून निघताना "येते" म्हणायचं नसतं. म्हणून परवा काही न बोलता उठले. तिला ते आवडलं नसणार.

इथे म्हणते.

येते, काकी.