अर्धवट सोडलेली कॉपी

केळशीकर काकांचा फोन आला की उत्तरेश्वर हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा. काका बिघाड जसा सांगायचे तसा दुसरं कुणी सांगत नसे. बाकीची गिऱ्हाइकं म्हणायची, "बंद पडलाय, येऊन बघा." काका म्हणायचे, "बटण दाबलं की पंखा फिरतो, मग लांब लांब शिट्ट्या, थांबून थांबून. एरवी सुरू होताना एकच तोकडी वाजते."

"रॅम सैल झाली असेल काका. येतो दुपारी."

"दुपारी म्हणजे आजच्या का?" काका विचारायचे.

उत्तरेश्वर मूळचा कळंबकडचा. आयटीआय करून पुण्यात आला आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून कॉम्प्युटर जोडायला शिकला. आता कर्वेनगरात, पोळीभाजी केंद्र आणि इस्त्रीवाला यांच्यामध्ये त्याचा स्वतःचा गाळा होता. घरोघरी लॅपटॉप आले, तशी डेस्कटॉप दुरुस्त करणारी माणसं कमी झाली. ज्यांच्याकडे अजून जुनी धुडं होती ते सगळे मग याच्याकडे यायला लागले. हात चांगला होता. फक्त वेळेचं गणित कधी जमलं नाही. एका जागी बसला की दुसऱ्या जागेचा फोन यायचा आणि दोन्हीकडे तो "आलोच" म्हणायचा.

केळशीकर काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. नोकरी त्यांनी एका बँकेच्या मुख्य कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली, थेट निवृत्तीपर्यंत. बायको गेल्यावर कर्वेनगरातल्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. मुलगी चैताली वाघोलीला, आयटीत. त्यांचा डेस्कटॉप बोलायचा, म्हणजे पडद्यावर येईल ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. मॉनिटरवर बहुतेक वेळ टॉवेल वाळत टाकलेला असे. चैताली नवीन लॅपटॉप घेऊन देते म्हणून मागे लागली होती. काका म्हणायचे, "या कीबोर्डची माझ्या बोटांना सवय आहे. लॅपटॉपवर बोटं वाट चुकतात."

या मशीनवर ते एक पुस्तक लिहीत होते. बँकेत त्यांनी ज्यांचे फोन जोडून दिले त्या माणसांविषयी. त्यांतल्या बहुतेकांना काका प्रत्यक्ष कधी भेटलेच नव्हते. फक्त आवाज. एक साहेब होता, वरच्या साहेबाशी बोलताना त्याचा आवाज अर्धा व्हायचा. एक शिपाई दर पगाराला फलटणला आईशी बोलायचा आणि प्रत्येक वेळी "मी जाडा झालोय" असं सांगायचा. काका रोज सकाळी अंघोळ झाली की लिहायला बसत. उत्तरेश्वर दुरुस्तीला गेला की नुकतं लिहिलेलं पान मशीनच्या त्या सपाट आवाजात ऐकवत. उत्तरेश्वर हसायचा. खरंच हसू यायचं त्याला.

त्या फेब्रुवारीत मशीन मधूनच आपोआप बंद पडू लागलं. उत्तरेश्वरने कॅबिनेट उघडलं, ब्रशने धूळ काढली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून परत बसवल्या. पॉवर सप्लाय जुना झाला होता, तो बदलला. मदरबोर्डवरचे एकदोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तेही त्याने बदलले. मशीन सुरू झालं. काका शेजारी खुर्चीत मान तिरकी करून बसले होते.

"एक आवाज अजून आहे," ते म्हणाले. "टिक, टिक, आणि मग कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखा. पंधरवड्यापूर्वी नव्हता."

उत्तरेश्वरने कान दिला. "पंख्याचं बेअरिंग असेल काका. पुढच्या खेपेला पंखा बदलतो."

"पंख्याच्या बाजूनं येत नाहीये तो. खालून येतोय."

खाली हार्ड डिस्क होती. उत्तरेश्वरने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

"बरं," काका म्हणाले, "तेवढी पुस्तकाची आणि माझ्या बाकीच्या सामानाची कॉपी काढून द्या. चैतालीनं हा पेनड्राइव्ह दिलाय. मला स्वतःला जमतं, पण मध्येच अडकतंय."

उत्तरेश्वरने पेनड्राइव्ह लावला. मशीन प्रत्येक हालचालीला बोलत होतं, तेव्हा त्याने विचारलं, "काका, ही बडबड थोडा वेळ बंद ठेवू का? पटापट होईल." काका हो म्हणाले. आवाज बंद झाला. कॉपी सुरू झाली, थोडी पुढे सरकली आणि थबकली. पुन्हा सरकली, पुन्हा थबकली. चांगली डिस्क अशी अडखळत नाही, हे त्याला कळत होतं. एरवी त्याने तिथल्या तिथे मशीन बंद करून डिस्क दुकानात नेली असती. पण तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एका कॉलेजच्या लॅबमधून होता. प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, अर्धी मशीनं बसली होती आणि तिथले सर किंचाळत होते. तो "आलोच" म्हणाला. पडद्यावरची हिरवी पट्टी जागची हलत नव्हती.

त्याने कॉपी रद्द केली. पेनड्राइव्ह काढून काकांच्या तळहातावर ठेवला.

"झालं, काका."

"सगळं?"

"सगळं."

काकांनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळला आणि कपाटातल्या केशराच्या रिकाम्या डबीत ठेवला. उत्तरेश्वरने आवाज चालू करून दिला, जिने उतरला आणि स्कूटरला किक मारली. लॅबमधली मशीनं चालू होईपर्यंत संध्याकाळ झाली. परवा जाऊन नीट कॉपी काढून देऊ, असं त्याने मनाशी म्हटलं. तो परवा आलाच नाही.

मार्चमध्ये एका सकाळी फोन आला. "उत्तरेश्वर, मशीन बोलत नाहीये."

डिस्क गेली होती. त्याने केबल बदलून पाहिली, दुसऱ्या जागी लावून पाहिली, काढून बरोबर आणलेल्या लॅपटॉपला जोडून पाहिली. ती दिसतच नव्हती, नुसती आतल्या आत टकटक करत होती. काका जवळच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे त्याला जास्त लागलं.

"जुनी झाली होती, जायचीच," काका म्हणाले. "हरकत नाही. डबीत कॉपी आहे की. आणतो."

भिंतीला हात लावत ते आत गेले, डबी घेऊन आले. उत्तरेश्वरने पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. आत काय असणार हे त्याला ठाऊक होतं, तरीही त्याने उघडून पाहिलं. विजेची जुनी बिलं, चैतालीच्या लग्नाचे काही फोटो आणि पुस्तकाची प्रस्तावना. बाकी काही नाही.

खरं सांगायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "काका, हा पेनड्राइव्हच खराब झालाय."

काकांनी रिकामी डबी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "माझ्याच हातून झालं असेल. मागच्या आठवड्यात डबी पडली होती. तेव्हाच वाटलं होतं की एकदा लावून बघावं, पण राहिलं."

"पडल्यानं नाही होत काका असं."

"होतं हो. मी हलगर्जीपणा केला. चैताली कधीची म्हणतेय, दोन ठिकाणी ठेवा. तुम्ही बिचारे येऊन कॉपी काढून गेलात, ती सांभाळायची तेवढी माझी जबाबदारी होती."

उत्तरेश्वर डिस्क घेऊन शनिवार पेठेत गेला. तिथे आमोद नावाचा त्याचा जुना दोस्त मेलेल्या डिस्कांमधून माहिती काढायचं काम करायचा. आमोदने ती उघडली, भिंगातून पाहिली आणि मान हलवली.

"आत ओरखडे पडलेत. तुकडे मिळतील, सलग काही नाही. आवाज कधीपासून करत होती?"

"महिना झाला असेल."

"मग महिन्यापूर्वी का नाही आणलीस? सगळं मिळालं असतं. तुला काय मी शिकवायचं आता?"

 मिळालेले तुकडे घेऊन उत्तरेश्वर दुकानात परतला. एका फाइलमध्ये शिपायाच्या गोष्टीचं अर्धं पान होतं, पुढे नुसते चौकोन.

चैतालीने वाघोलीहून फोन केला. "थँक यू हं, तुम्ही बाबांसाठी एवढं धावताय. सगळे रिकव्हरीवाले एक्सपेक्टेशन ठेवू नका म्हणतात, तुम्ही निदान ट्राय तरी केलंत. बाबा मात्र स्वतःलाच दोष देत बसलेत. जेवतपण नाहीत नीट."

तो नुसता हूं हूं म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि आतच बसला. त्याच्या हातून याआधी चुका झाल्या नव्हत्या असं नाही. एकदा कुणाचा मदरबोर्ड जाळला होता, एकदा उलटी केबल लावली होती. त्या चुका कबूल करून त्याने भरपाई दिली होती. ही चूकच नव्हती. पट्टी थांबलेली त्याने पाहिली होती, आणि समोरच्या माणसाला ती दिसत नाही हेही त्याने पाहिलं होतं. डोळस गिऱ्हाईक असतं तर "झालं" म्हणायची त्याची छाती झाली नसती.

जेवताना त्याने हे नम्रताला, बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"अहो, आता सांगून काय मिळणार? त्यांची पानं परत येणारेत का? उगं सोसायटीभर नाव खराब व्हायचं. त्या एका बिल्डिंगमधली किती गिऱ्हाइकं आहेत आपली."

"ते जेवत नाहीत म्हणे."

नम्रताने त्याच्या ताटात भात वाढला. वाढून झाल्यावर म्हणाली, "मग जा. पण मला विचारून गेलो असं म्हणू नका."

तो सकाळीच गेला. काकांनी दार उघडलं. मॉनिटरवर टॉवेल नव्हता. टेबलाशी नेहमीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"या. काही मिळालं का?"

"काका, पेनड्राइव्ह खराब नव्हता." उभ्या उभ्याच त्याने बोलायला सुरुवात केली, बसला असता तर जमलं नसतं. "मी कॉपी पूर्ण केलीच नव्हती. अडकत होती. मला दुसरीकडे जायचं होतं. मी मधेच रद्द केली आणि झालं म्हणून सांगितलं. तुमच्या हातून काही झालेलं नाही. डबी पडून काही झालेलं नाही."

काकांनी मान वळवली नाही. त्यांचं तोंड ज्या दिशेला होतं तिथे खिडकी होती.

"आवाज बंद करून घेतलात तो त्यासाठीच का?"

"नाही काका. तेव्हा तसं मनात नव्हतं. नंतर झालं ते."

"अच्छा. म्हणजे नंतर सोयीचं पडलं." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी सगळा जन्म लोकांच्या आवाजावरून त्यांना ओळखत आलो, उत्तरेश्वर. तुम्ही 'सगळं' म्हणालात तेव्हा तुमच्या आवाजात मला काहीही वावगं वाटलं नाही. चांगलं खोटं बोलता."

"काका—"

"आणि वर मी खराब केला असं मला वाटू दिलंत. हे कशासाठी? पहिल्या वेळची घाई मी समजू शकतो. दुसऱ्या वेळी तर तुम्हाला कुठेच जायचं नव्हतं."

 "भीती वाटली," तो एवढंच म्हणाला.

"निघा आता," काका म्हणाले. "दार ओढून घ्या."

नंतर त्या इमारतीतून त्याला कुणाचा फोन आला नाही असं झालं नाही. सगळे पूर्वीसारखेच बोलवत होते. म्हणजे काकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या जिन्याने वर जाताना त्याला चोरासारखं वाटायचं. नाव खराब झालं असतं तर कदाचित हलकं वाटलं असतं, पण तेवढीही शिक्षा मिळाली नाही.

मे महिन्यात चैताली दुकानात आली. तिला सगळं कळलेलं होतं. ती गाळ्यात शिरली नाही, पायरीवरच उभी राहिली आणि एक जाड पाकीट पुढे केलं.

"बाबांनी मागच्या दिवाळीत काही चॅप्टर्स मला मेल केले होते, आत्याला वाचायला प्रिंट काढून देण्यासाठी. ते मेल सापडत नाहीत, अकाउंट जुन्या कंपनीचं होतं. आत्याकडे प्रिंट सापडल्या. कुणीतरी परत टाइप करायला हव्यात. मी म्हटलं स्कॅन करू, नाहीतर टायपिस्ट बघू. बाबा म्हणाले, उत्तरेश्वरला दे." तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. "मला नाही पटलेलं. पण त्यांनी सांगितलं म्हणून आले."

त्याने ती पानं टाइप केली. रोज दुपारी शटर निम्मं ओढून, मराठी टायपिंगची सवय नसलेल्या बोटांनी. पुस्तकाचा तो जेमतेम तिसरा हिस्सा असेल. काम झाल्यावर तो फ्लॅटवर गेला. तिथेच नवीन डिस्क घालून त्याने काकांचं तेच मशीन पुन्हा उभं केलं, तोच कीबोर्ड लावून. काकांनी सगळी पानं ऐकली. दोन ठिकाणी त्याचे शब्द चुकले होते, ते दुरुस्त करवले.

"उरलेलं मी पुन्हा सांगतो," मग ते म्हणाले. "स्वतः लिहायला बसलो की बोटं गेलेल्या ओळीच शोधत राहतात. रविवारी या. आणि येणार नसाल तर आधी सांगा."

तेव्हापासून तो रविवारी सकाळी जातो. काका सांगतात, तो टाइप करतो. चहा काका स्वतः करतात, त्याला करू देत नाहीत. पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत. पान संपलं की मशीन ते वाचून दाखवतं आणि काका बहुतेक वेळा म्हणतात, "पहिलं बरं होतं." त्यात टोमणा नसतो. खरंच पहिलं बरं असणार, हे दोघांनाही माहीत असतं. उत्तरेश्वर मान खाली घालून पुढचं पान उघडतो.

गेल्या रविवारी शिपायाची गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. तो आईला फलटणला फोन लावायचा, इथवर नीट आलं. मग आई काय उत्तर द्यायची ते काकांना आठवेना. त्यांनी दोनतीन वाक्यं बोलून पाहिली, तोंडातल्या तोंडात, वेगवेगळ्या आवाजात.

"नाही. असं नव्हतं. अगदी साधं काहीतरी होतं, मी लिहिलं होतं ते."

उत्तरेश्वर कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं.

"जाऊ द्या," काका म्हणाले. "तेवढी ओळ रिकामी सोडा. पुढचं घ्या."

त्याने एक ओळ सोडली आणि पुढचं घ्यायला सुरुवात केली.