बोटाखालच्या ओळी

बडनेऱ्याच्या ऑफिसात येऊन खुर्चीला जेमतेम पाठ टेकवली होती, तेवढ्यात विलासचा फोन आला. विलास माझा आतेभाऊ, सुमनआत्याचा एकुलता एक मुलगा. "बेबीताई, माय गेली..." एवढंच बोलला. मी विचारलं, "केव्हा?" जसं काही वेळ कळल्यानं फरक पडणार होता! "पहाटे," तो म्हणाला, "सोनी तिच्यापाशीच झोपली होती." सोनी त्याची मुलगी. या गोष्टीला महिना उलटून गेला. भेटेल तो म्हणतो, सुटली बिचारी. मला संताप येतो. कशातून सुटली? तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती काही झाली नाही.

आत्या दुसरीपर्यंत शाळेत गेली. मग धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घरी बसवलं. त्या भावंडांतलेच माझे वडील. ते शिकले, नोकरीला लागले, आम्ही अमरावतीत राजापेठेत वाढलो. आत्या बाळापूरजवळच्या खेड्यात दुसऱ्यांच्या शेतात निंदण करत राहिली. पण बुद्धविहारात तिची जागा पहिल्या रांगेत. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा, मांडीवर वंदनेचं पुस्तक, ओळीखालून सरकणारं बोट. पान बरोबर जिथं उलटायचं तिथंच उलटायची. "वाचत्या माणसाले कोनी फसवत नाही, बेबे," असं मला लहानपणापासून बजावायची. स्वतःचं शिक्षण राहिलं, विलासचं दहावीवर अडलं. उरली सोनी. सोनीनं वाचायचं, धडाधड वाचायचं, हा तिचा एकच हट्ट होता.

सोनीचं नाव पहिलीत घातलं आणि कोरोनानं शाळाच बंद झाली. पोरीनं वर्गही नीट पाहिला नव्हता. सर बिचारे फोनच्या ग्रुपवर धडा वाचून पाठवायचे. घरात फोन एकच, तो विलासजवळ, आणि विलास अकोल्याच्या डाळमिलमध्ये. तो संध्याकाळी घरी आला की आत्या आधी त्याच्या हातातून फोन काढून घ्यायची, मग त्याला पाणी द्यायची. तोवर सोनीचे हातपाय धुऊन, रिबिनी बांधून, शाळेचा ड्रेस घालून तिला ओसरीवर बसवलेलं असायचं. आत्या स्वतः थाळी वाजवून घंटा द्यायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, "काय वो बाई, तुह्या घरी साहेब येनार हाय काय तपासाले?" आत्या ऐकून घेणारी नव्हती. "तुमचे पोट्टे हिंडू द्या उकिरड्यावर. माही शाळा बंद नाही," म्हणायची. धडा लागायचा, पुन्हा लागायचा. सरांच्या मागून आत्या म्हणायची, आत्याच्या मागून सोनी, आणि दोघींची बोटं पुस्तकाच्या ओळीखालून सरकत जायची.

एक दिवस मला फोन. "ऐक बेबे, ऐक! वाचून राहिली पोट्टी!" आणि खरंच, पलीकडून सोनीचा खणखणीत आवाज. गावच्या बाजाराचा धडा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठं अडखळणं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात मी चार जणांना सांगितलं, आमच्या आत्यानं नातीला घरी वाचायला शिकवलं म्हणून. विलासनं सरांनाही तो आवाज भरून पाठवला. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवून शाबासकी दिली. अशी दोन वर्षं गेली, आणि त्यात आत्याची घंटा एक दिवसही चुकली नाही.

शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांनी मी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तिच्याकडे गेले. मी तोंड उघडणार तोच आत्या म्हणाली, "थांब, तू नको सांगू. सोनी वाचून दाखवन." सोनीनं पत्रिका मांडीवर घेतली, बोट ठेवलं. वर माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात सुरू झाली, "आज आमच्या गावचा बाजार. बाजारात भाजी आली..." बोट माझ्या मुलीच्या नावावरून पुढं चाललं होतं. मला वाटलं, पोरगी गंमत करते. मी हसून म्हटलं, "अगं सोने, ही लग्नाची पत्रिका आहे." ती थांबली. मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून, "आज आमच्या गावचा बाजार..." आता आवाज बारीक झाला होता.

आत्यानं तिच्या हातातून पत्रिका घेतली. उलटून पालटून पाहिली. "बेबे, हे वाचनं नाही काय?"

"नाही आत्या. हे पाठांतर आहे."

"मंग मी बी नाही वाचत," ती म्हणाली. "मले बी वंदना अशीच येते. मायच्या मांगं म्हनू म्हनू शिकली, कुठी पान पलटवाचं ते बी तिचं पाहू पाहू. मले वाटे, वाचनं असंच असते..."

दुसरीतून काढून घरी बसवलेल्या बाईजवळ जे होतं, ते तिनं काही हातचं न राखता नातीला दिलं होतं. आणि तेच नेमकं उपयोगाचं नव्हतं.

पुढचे दिवस नुसत्या धडपडीचे. आत्या शाळेत गेली. तिथं एक सर आणि त्यांच्या पुढ्यात सगळे वर्ग. "होईल आजी हळूहळू," ते म्हणाले. सोनी दरवर्षी वर चढत गेली. एका उन्हाळ्यात मी तिला राजापेठेत आणलं, जवळ घेऊन बसले. पोरीची स्मरणशक्ती भलतीच तल्लख, आणि तीच आडवी यायची. मी एकदा वाचून दाखवलं की पान पाठ; अक्षराकडे बघायची तिला गरजच उरायची नाही. कोपऱ्यावरच्या ट्युशनमध्ये पहिलीच्या पोरांत बसवलं तर पोरं हसली. ती घरी येऊन बाथरूमची कडी लावून बसली. आठ दिवसांत तिला परत पोचवावं लागलं. मग आत्यानंच पाटी आणली. "आमी दोघी संगंच शिकतो," म्हणाली. त्या वयात ती बाई नातीच्या शेजारी बसून अक्षरं गिरवायची! पण डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मग किडन्या गेल्या. डायलिसिससाठी अकोल्याच्या चकरा सुरू झाल्या, आणि पाटी जी खुंटीला लागली ती लागलीच.

शेवटची भेट अकोल्याच्या दवाखान्यात झाली. हात सुजलेला, आवाज खोल गेलेला. मी तब्येतीचं विचारलं तर म्हणाली, "ते रायू दे. सोनीले येते काय वो आता वाचता? खोटं नको सांगू." आमच्या घराण्यात तोंडावर बोलायची खोड सगळ्यांनाच. मी म्हटलं, "नाही येत, आत्या." ती छताकडे पाहत राहिली. "सहावीत गेली ना वो..." मग माझ्याकडे वळून, "आता कोन बसन तिच्यापाशी?" मी तिचा हात धरून बसले. मी बसेन, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बडनेरा कुठं, तिचं गाव कुठं! आणि बसून पाहिलंच होतं की मी.

आत्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. आत्याच्या फोटोचा मोठा बॅनर, खाली ठळक अक्षरांत तिचं नाव. वंदनेला सोनी पहिल्या रांगेत, आजीच्या जागी बसली. मांडीवर आजीचं पुस्तक, ओळीखालून सरकणारं बोट, तोच सूर, श्वास घ्यायची तीच जागा. पानही बरोबर जिथं उलटायचं तिथंच उलटलं. मागून कोणी बाई कौतुकानं म्हणाली, "पाहा वो, कशी वाचते! हुबेहूब आजी!" सोनीनं मान वर केली नाही.

सगळे जेवायला उठले तेव्हा मी तिला बॅनरपाशी नेलं. मला राहवेना. नावाच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "सोने, इथं काय लिहिलंय?"

तिनं अक्षरांवर बोट फिरवलं, अगदी सावकाश. मग वर फोटोकडे पाहिलं.

"आजी," ती म्हणाली.

आयुष्यभर तोंडावर बोलत आलेली मी... मी म्हटलं, "बरोबर." आजी पदरानं पुसायची तसं तिनं आजीचं पुस्तक ओढणीनं पुसलं आणि घरात नेऊन फळीवर ठेवलं.