चार नंबरचा पोर्ट जळला

बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण एकदा नुसत्या बोलण्यानं मी अख्खी ट्रकांची रांग रस्त्यावर उभी केली होती, हे नाही ना ठाऊक? आता कसं सांगू... थांबा, तो कप आधी खाली ठेवा. सांडाल!

मी पेडण्याचा परब. गोवा राज्य होऊन दहाबारा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या काळात कॉम्प्युटर येणाऱ्या मुलाचा मान डॉक्टरच्या खालोखाल! गावातल्या बायका मला घरी बोलवून मिक्सर दाखवायच्या. मीही तोंड गंभीर करून मिक्सर बघायचो. नाही कशाला म्हणू?

नोकरी लागली डिचोली तालुक्यात, एका खाणवाल्या शेटच्या ऑफिसात. सुर्ल्याहून खनिज भरलेले ट्रक यायचे, आमच्या वजनकाट्यावर चढायचे, पुढे जेटीवर जायचे. तिथून माल बार्जमध्ये, आणि बार्ज नदीनं सरळ मुरगाव बंदराला. दिवसभर लाल धूळ. पांढरा शर्ट घालून येणारा माणूस त्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही, दिसला तर पांढरा नसायचा.

आणि हे सगळं चालवायच्या कोण? शिरोडकर बाई! काय बाई होत्या हो! अंबाड्यात अबोलीचा वळेसर, पायात साध्या चपला, आवाज कधी चढलेला नाही. मंत्र्याच्या गाडीला वाट न देणारे ड्रायव्हर बाई रस्ता ओलांडताना हॉर्नवरचा हात काढायचे. ट्रक नुसता वळणावर दिसला तरी त्या सांगायच्या, ह्याचा मागचा टायर बसलाय, ह्याला आज पाठवू नका. मी तर त्यांचा भक्तच होतो. अजून आहे.

काट्यावरचं वजन ऑफिसात कळायचं म्हणजे माणूस चिठ्ठी घेऊन पायी यायचा. तोवर ट्रक खोळंबलेला. बाईंनीच शेटना पटवलं की काट्यावर एक कॉम्प्युटर ठेवू, केबल टाकू, आकडा सरळ ऑफिसच्या पडद्यावर येईल. ह्याला ईथरनेट म्हणतात, असं मी मध्येच सांगून टाकलं. शेटनी भुवया चढवल्या.

"इतर नेट? इतरांचें नेट आमकां कित्याक जाय?"

इतरांचं आपल्याला कशाला हवं, ह्यावर शेट अडले. शेवटी परवानगी मिळाली. पण कशी? शेट म्हणाले, "बायनू, सुक्राराक हांव येतलों. पडद्यार वजन दिसूंक जाय. ना जाल्यार वायरी काडून तांचेर कपडे वाळत घाला!" हे सगळ्यांसमोर. म्हणजे शब्द कुणाचा पणाला लागला? बाईंचा!

केबल आम्ही दोघांनी टाकली. आत आठ रंगीत तारा, दोन-दोनच्या जोड्या पिळलेल्या. बाईंनी त्या बोटांनी अशा सोडवल्या की जणू रोज हेच करतात.

"ह्यो पिळिल्ल्यो कित्याक रे?"

"एका जोडीची कुरबुर दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून, बाई."

"बरें केलां. ऑफिसांतय तशेंच करूंक जाय," बाई म्हणाल्या.

रंगांचा क्रम मी एकदाच सांगितला. पुढच्या टोकाला प्लास्टिकची टोपी बसवताना मी तपकिरी आणि हिरवी उलटी धरली, तर बाईंनी न बोलता माझ्या हातावर बोट ठेवलं. कोर्स मी केला होता बरं का! सगळ्या केबली एकत्र येतात ती पेटी, हब म्हणतात तिला, ती माझ्या टेबलावर ठेवली. हबला ओळीनं भोकं असतात, केबल खुपसायची. त्या भोकाला म्हणतात पोर्ट. काट्याची केबल मी चार नंबरच्या पोर्टात घातली. हिरवा दिवा लागला आणि मी बाईंना पेढा दिला.

आणि शुक्रवारच्या आदल्या रात्री वीज कडाडली!

सकाळी येऊन बघतो तर चार नंबरचा दिवा गेलेला. पोर्टाच्या तोंडाशी काळा डाग. काट्याचा कॉम्प्युटर चालू, ऑफिसातला चालू, पण एकमेकांशी अबोला. शेट दुपारी येणार! बाई सकाळीच जेटीवर गेलेल्या. बाईंना आता तोंड कसं दाखवू? मी म्हापशाच्या हबवाल्याला फोन लावला. लाइन इतकी खराब, की म्हापशाला फोनशिवाय ऐकू गेलं असतं असा मी ओरडत होतो.

"आयकता मरे? काल रातीं वीज पडली! पोर्ट जळ्ळो! ... पोर्ट, पोर्ट! ... चार नंबर! पुराय काळो जाला! ... बाकीचे बरे दिसतात, पूण कोण सांगतलो? ... ना ना, दुरुस्त जावचो ना, नवोच घालूंक जाय! ... हय, आमचें सगळें काम बंद!"

फोन ठेवला तर खिडकीच्या गजांना धरून दाजी उभा. दाजी म्हणजे दोडामार्गकडचा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. डिझेलची चिठ्ठी न्यायला आलेला. त्याचा चेहरा पडलेला.

"परबांनू, खरा काय ता? पोर्ट जळलो?"

"खरं नाही तर काय! ह्या डोळ्यांनी बघितलाय."

"आणि माणसां? माणसां बरी आसत मां?"

आता बघा हं. माझं लक्ष सगळं त्या हबमध्ये. मी वैतागून काय म्हणालो असेन? "माणसांना काय धाड भरलीय, दाजी! इथं मशीन गेलं त्याचं बघा!"

दाजीनं माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... आणि चिठ्ठी न घेताच निघून गेला. मी मनात म्हटलं, म्हातारा विसराळू झाला.

इतकी वर्षं आपल्याकडे भाषेवरून वाद झाले, मोर्चे झाले, घराघरांत भांडणं झाली. पण पोर्ट हा शब्द कोकणी, मराठी, मालवणी तिन्हींत एकच, आणि खाणीच्या रस्त्यावर त्याचा अर्थही एकच, मुरगाव बंदर, हे मला कुणी सांगायला नको होतं का?

पुढं काय झालं असेल? दाजीनं ट्रक बाजूला लावला. मागच्यानं विचारलं, त्याला सांगितलं. त्यानं त्याच्या मागच्याला. बंदर जळलं तर माल न्यायचा कुठं? ट्रक एकामागून एक थांबले. जेटीला बातमी गेली तेव्हा चार नंबरचा धक्का जळला होता. तिथून निघाली तेव्हा चार जहाजं जळली होती. सुर्ल्यापर्यंत पोचेतो वीज बाजूला राहिली आणि तेलाची टाकी फुटली. आणि नार्व्याच्या नदीकाठावरून म्हणे धूर दिसत होता! नार्वे कुठं, मुरगाव कुठं! पण बघणारे शपथेवर सांगत होते.

मला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. मी टेबलाखाली बसून केबलीला फुंकर घालतोय. तेवढ्यात काट्यावरचा कारकून गावस धापा टाकत आला.

"परबा! तू हय काय करतंस? मुरगाव जळलां! चार नंबरचो धक्को खाक! एक माणूस वाचूक नाय!"

माझ्या हातातनं केबल पडली. अहो, माझे भावोजी मुरगावला क्रेनवर! ताईचा नवरा! आणि क्रेन कुठली? चार नंबरच्या धक्क्यावरची!

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, चार नंबर ऐकूनही तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला! माणूस घाबरला की आपलंच बोलणं परक्याचं वाटतं. शिवाय मी जे सोडलं होतं ते केवढुसं, आणि परत आलं ते केवढं! ओळखणार कसं?

मुरगावला फोन लावला. लागेना. लागणार कसा, अख्खा तालुका तिथंच फोन लावत होता. मी खुर्चीत बसलो आणि भोकाड पसरलं. गावस माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि स्वतःही रडत होता. त्याचं मुरगावला कुणी नव्हतं, पण माणूस मोठ्या मनाचा.

एवढ्यात बाई आल्या. जेटीवर बार्ज अडलेली, रस्त्यावर ट्रक अडलेले, शेट वाटेत, आणि ऑफिसात दोन बाप्ये गळ्यात गळा घालून रडतायत. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. बाईंनी आधी मला पाणी दिलं. मग एकच विचारलं.

"तुका कोणें सांगलें?"

"गावसानं."

"गावसा, तुका?"

"काट्यार उभ्या असलेल्या ड्रायव्हरान."

"चला."

निघाल्या! पुढे बाई, मागे डोळे पुसत मी, त्याच्या मागे गावस. काट्यावरच्या ड्रायव्हरला एकच प्रश्न, तुला कुणी सांगितलं? त्यानं पुढच्याकडे बोट केलं. त्यानं त्याच्या पुढच्याकडे. कुणावर रागावणं नाही, कुणाला खोटं पाडणं नाही. एकेक ट्रक, एकेक बोट. आणि एकेका ट्रकागणिक बातमी लहान होत होती, बरं का! तेलाची टाकी गेली, जहाजं गेली, धूर विरला. केबल कुठं तुटली हे शोधायचं तर टोकापासून एकेक तुकडा तपासत जावा, असं आम्हाला कोर्सात शिकवलं होतं. मी कधी केलं नव्हतं. बाई न शिकता करत होत्या, आणि मी रडता रडता तोंडात बोट घालून बघत होतो.

रांगेच्या टोकाला दाजी, ट्रकच्या पायरीवर डोकं धरून बसलेला.

"दाजी, तुका कोणें सांगलें?"

"कोण कशाक सांगात, बायनू? मिया सवता कानांनी आयकलंय. परब फोनार सांगत होते. पोर्ट जळलो, चार नंबर. आणि माणसांचा विचारलंय तर म्हणाक लागले, माणसांचा काय ता सोड, मशीन गेला!" दाजीनं माझ्याकडे बोट केलं. "एवढो शिकलेलो झील, पण काळीज नाय."

बाई वळल्या. गावस वळला. उतरलेले सगळे ड्रायव्हर वळले.

तेव्हा प्रकाश पडला! असा पडला, की आदल्या रात्रीची वीज त्यापुढं काहीच नाही.

"बाई," मी म्हणालो, "तो... तो पोर्ट म्हणजे... हबचा. टेबलावरच्या पेटीचं भोक."

मग दाजीच आधी हसला, पोट धरून हसला, आणि ती हशाची लाट मागं मागं काट्यापर्यंत गेली. भावोजी त्या वेळी क्रेनच्या सावलीत बसून उंड्याच्या पावाबरोबर पातळभाजी खात होते, असं मागाहून कळलं. आणि मी इथं त्यांचं दहावं घालायला निघालेलो!

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना डोळ्यांपुढं शेट दिसत होते.

"परबा, चार नंबर जळलो. बाकीचे?"

"बाकीचे सगळे ठीक, बाई."

"मागीर चारांतली केबल काडून पाचांत कित्याक घालूंक ना?"

खरंच, का नाही घातली? सकाळपासून मी म्हापसा हलवला, मुरगाव जाळलं, भावोजींना वर पोचवलं, पण केबल बोटभर सरकवायचं काही मला सुचलं नाही!

बाई ऑफिसात गेल्या, स्वतःच्या हातानं केबल चारातून काढली, पाचात घातली. हिरवा दिवा! बाहेर काट्यावर ट्रक चढला आणि पडद्यावर वजन उमटलं. त्याच वेळी दारात जीप थांबली. शेट आत आले, पडदा बघितला, पुढचा ट्रक चढू दिला, पुन्हा बघितला. मान हलवली. बाईंचा शब्द राहिला. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण ह्या वेळचं वेगळं होतं.

"बरें चलता," शेट म्हणाले. "पूण बायनू, वाटेर ट्रक कित्याक राविल्ले?"

आता? खरं सांगितलं तर मी संपलो. खोटं बाई बोलायच्या नाहीत. बाईंनी पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "शेट, आमकां आतां दोन नेटवर्कां आसात. एक केबलीचें, तें तुमी पडद्यार पळयलें. दुसरें बिनतारी. परबान सकाळीं एक निरोप सोडलो, तो जेटयेर पावलो, सुर्ल्यां पावलो, नार्व्यां पावलो, आनी परतून परबाकडेनच आयलो. वाटेर एक शब्द पडूंक ना. उलट वाडून आयले."

शेटनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर ड्रायव्हर खिंकाळत होतेच. शेटनी मिशीवर हात फिरवला.

"आनी ह्या दुसऱ्या नेटवर्काक बंद करपाचो स्विच खंय आसा?"

आता इथं तरी गप्प बसावं की नाही? बाईंनी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण कॉम्प्युटरचा शब्द कानावर पडला आणि माझ्यातला शिकलेला माणूस उसळून वर आला.

"शेट," मी म्हणालो, "आमच्याकडे स्विच नाही, साधा हब आहे. स्विच वेगळा, शेट. स्विच महाग. तो ज्याचा निरोप त्यालाच देतो. हबला तेवढी अक्कल नसते. त्याच्या कानावर काहीही पडू दे, ते कुणासाठी आहे हे न बघता तो सगळ्यांना..."

आणि मी थांबलो.

शेट माझ्याकडे नखशिखान्त बघत होते. मग बाईंकडे वळून म्हणाले, "समजलें. स्विच मागोवन घेयात, बायनू. हब आमकां आसा."