आत्यांचा नवा संगणक

आमच्या कार्यालयात बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी आत्या घेतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. सव्वीस वर्षं त्या चौकशीच्या खिडकीजवळ बसतात आणि सगळं कार्यालय, साहेबसुद्धा, त्यांना आत्याच म्हणतं. साडेतीनशे माणसांचे एक्स्टेन्शन नंबर, तेही बदल्यांमुळे सारखे बदलणारे, त्या संगणकावर शोधतात. पडद्यावर असेल ते संगणक वाचून दाखवतो. एका कानाला फोन, दुसरा कान छोट्या स्पीकरकडे.

यंदा वरून आदेश आला, सगळे संगणक जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर न्यायचे. यादी मीच केली. जुनी यंत्रं एकाच दिवशी हलवावीत, असा शेराही मीच मारला. बाकीच्यांनी दोन दिवस कुरकुर केली, छपाईचं बटण कुठं गेलं म्हणून शोधाशोध केली आणि कामाला लागले.

आत्यांचं तसं नव्हतं. त्या माउस वापरत नाहीत. दोन-तीन बटणं एकदम दाबायची, की हवं ते नाव पुढं येतं. त्या जोड्या बोटांत मुरलेल्या. नाव शोधायची जुनी जोडी त्यांनी नव्या संगणकावर दाबली, तर वाचणारा आवाजच बंद पडला. फोनवरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतोय आणि स्पीकर गप्प. दिवसभरात असं नऊ वेळा झालं.

“तुमचा पडदा काळा झाला की तुम्ही आरडाओरडा करता,” त्या मला म्हणाल्या. “माझा झालाय.”

साहेब माणूस वाईट नाही. पण तक्रारी आल्या तशी त्यांनी मुदत घातली. “आत्या, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीच जमलं तर टपाल विभागात बसा. निवांत काम आहे.”

“लिफाफे चिकटवत? निवृत्तीला दोन वर्षं राहिली, साहेब. तोंड मिटून बसायची सवय आता कुठून लावू?”

साहेब हसले, पण मुदत काही हलली नाही. कामाचे बारा दिवस हातात होते. तोवर सकाळचे फोन शेजारच्या कारकुनानं घ्यायचे आणि दुपारचे आत्यांनी, असं मी ठरवून दिलं.

शिकवायला कंपनीकडून एक इंजिनिअर बाई आल्या. “हे बघा, इथं वर निळं चिन्ह आहे ना...”

“बघतेय. बघतच राहिलेय,” आत्या म्हणाल्या. सगळा विभाग खो खो हसला. बाई लाजून लाल झाल्या. आत्यांनी त्यांना खुर्ची दिली. “बस गं. आता पडदा बंद कर आणि एक नाव तू शोधून दाखव. तुला वाट सापडली की मला सांग.”

बाईंना दीड तास लागला. वाट सापडली, तशी आत्यांनी ती जाड कागदावर ब्रेलमध्ये टोचून घेतली. “ती आवाज बंद करणारी जोडी मी बदलून देऊ का?” बाईंनी विचारलं.

“नको. पुढच्या वेळी काही नवीन आलं की परत तुझ्यामागं धावू? बोटांनाच शिकवते.”

नवा आवाज पुरुषाचा होता. तो पहिल्यांदा घुमला तेव्हा कारकून ओरडला, “आत्याबाईंना मिशा फुटल्या!”

“मग आता काका म्हण,” आत्या म्हणाल्या.

जुन्या आवाजाचा वेग त्यांनी इतका चढवलेला असे, की समोर बसून मला फक्त पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू यायचं. नवा आवाज मात्र त्यांनी सावकाश ठेवला. तो पहिलीतल्या पोरासारखा एकेक शब्द वाचू लागला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा संगणक काय म्हणतो ते मला कळत होतं. चुकाही कळत होत्या. मध्येच आवाज तुटला की माझाही पेन थांबायचा.

रोज अकरा वाजता त्या वेग एक पायरी वाढवायच्या. घरीही सराव चालला होता. “सूनबाई म्हणते, जेवताना ताटाशेजारी बोटं वाजवू नका, मुलं शिकतात.” पाचव्या दिवशी मला नावं कळायची, नंबर निसटायचे. नवव्या दिवशी नावंही निसटू लागली. आवाज तुटणं तीनवर आलं, मग एकावर.

महिनाअखेरीला सकाळचे फोनही आत्यांकडे दिले आणि ऐन गर्दीत साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एका चिडलेल्या गृहस्थांना दोनदा बदली झालेला अधिकारी हवा होता. “थांबा हं काका, फोन ठेवू नका,” आत्या म्हणाल्या. बोटं फिरली, स्पीकर तडतडला, फोन जोडला गेला. मग दुसरा, तिसरा, अकरावा. एकदाही आवाज तुटला नाही.

साहेबांनी कान देऊन पाहिलं. “काय म्हणतोय हो हा?” त्यांनी मला विचारलं.

“एक अक्षर कळत नाही, साहेब.”

“आत्या, बसा इथंच,” साहेब म्हणाले.

“बसलेलीच आहे. तुम्ही तेवढे सरका. स्पीकरच्या पुढ्यात उभे आहात.”