रडकी कुणाच्या हाती

आमचे बाबा खाणीत नोकरीला होते, पण जन्मात कधी खाणीत उतरले नाहीत. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी एक लांबट खोली होती. तिथे ते पिवळी कॅनरी पाखरं सांभाळायचे. त्या काळी खाली जाणारी प्रत्येक टोळी सोबत एक पाखरू न्यायची. खाली विषारी वायू साठायचा, त्याला ना रंग ना वास. माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. पाखरू मात्र आधी कोसळायचं, आणि ते पडलं की काम टाकून वर यायचं असा नियम होता. पिंजऱ्याच्या माथ्यावर प्राणवायूची छोटी टाकी असायची. पडलेल्या पाखराच्या पिंजऱ्याचं दार लावून टाकीची चावी फिरवली की ते पुन्हा शुद्धीवर यायचं. हे मी आज कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतात. काढोत बापडे. त्या टाक्या बाबा आमच्या स्वयंपाकघरात बसून दुरुस्त करायचे आणि आईची बोलणी खायचे.

पाखरांत दोन नामांकित होती. एक रडकी. जरा हवा बदलली की ही बाई आडवी. दुसरा पैलवान, तो सहसा ढिम्म हलायचा नाही. साहजिकच सगळ्यांना पैलवान हवा असायचा, कारण पाखरू पडलं की दिवसाची मजुरी बुडायची. रडकी कुणालाच नको होती. बाबा ती रोज न चुकता आपल्या जावयाच्या टोळीला द्यायचे.

"सासऱ्याचं जावयावर काय वाकडं आहे कोण जाणे," असं म्हणून लोक हसायचे. भाऊजीही वैतागायचे. ताई मात्र गप्प असायची आणि मीही. आम्हा दोघींना कळत होतं की बाबा जावयाला सगळ्यांत आधी इशारा मिळावा म्हणून धडपडतात. बाकीच्या टोळ्यांचं काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. आपलं माणूस सुखरूप आहे ना, मग झालं.

शेजारचे मुकादम दुसऱ्या टोळीत होते. त्यांच्या बायकोनं बाबांच्या फार विनवण्या केल्या, म्हणून त्यांच्याकडे पैलवान गेला होता. एक दिवस मुकादमांना झोळीत घालून वर आणलं. पैलवान पडला होता, पण फार उशिरा. मुकादम वाचले खरे, पण त्यानंतर घराच्या पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागायची.

संध्याकाळी त्यांची बायको आमच्याकडे आली.

"भाऊ, तुमच्या पाखरानं माझं कुंकू राखलं," ती म्हणाली. "तुम्ही माझा शब्द ठेवलात, तुमचे उपकार कसे फेडू?"

बाबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पैलवान आमच्या घरी राहायला आला, कायमचा. खोलीत बाबांनी उरलेले पिंजरे ओळीनं मांडले आणि सगळ्यांवर फडकी टाकली. ज्याच्या हाती जो येईल तो त्यानं उचलायचा. फडकी टाकायला मी मदतीला होते. ताई धावत आली आणि तिनं दारातच बाबांना अडवलं.

"बाबा, यांना रडकीच द्या. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"मुकादमाच्या बायकोनंही मागितलंच होतं," बाबा म्हणाले.

"ती परकी आहे. मी तुमची मुलगी आहे."

"म्हणूनच तुला नाही म्हणता येतंय."

ताई माझ्याजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. टोळ्या आल्या. फडकी असली तरी बाबांना प्रत्येक पिंजरा ठाऊक होता. भाऊजींचा हात रडकीवरून पुढे सरकला आणि शेजारच्या कडीवर थांबला. बाबांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मला त्यांचा इतका राग आला की मी दुसरीकडे बघू लागले.

फडकं काढून भाऊजी खूश झाले. "सुटलो एकदाचा," ते म्हणाले.

"जपून जा," बाबा म्हणाले.

दिवसभर ते खाणीच्या तोंडाशी बसून होते. ताई थोड्या अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून. संध्याकाळी सगळ्या टोळ्या हसतखिदळत वर आल्या. भाऊजींनी पिंजरा बाबांपुढे केला. बाबांना त्याची कडी काही केल्या काढता येईना. लोक बघत होते आणि बाबा रडत होते.

ताईनं पिंजरा त्यांच्या हातून घेतला, कडी काढली आणि पाखराला पाणी ठेवलं.

"उद्यापासून पिंजरे मी मांडते," ती म्हणाली. "तुम्ही खोलीत यायचं नाही. मला यातलं एकही पाखरू ओळखू येत नाही."