धाऊनं नाव लिवलं ते

वैशाखरे गावच्या धाऊची बायको गेली तेव्हा त्यांचा पोरगा जगन अजून रांगत होता. धाऊची धाकटी बहीण गिरजा नवरा वारल्यानं नुकतीच माहेरी आलेली. तिला दुसरं घर करायला स्थळं आली. ती म्हणाली, "हा पोरगा उभा राहू दे, मग बघू." पोरगा उभा राहिला, शिकला, कल्याणला कंपनीत लागला, त्याचं लगीन झालं, पोरं झाली. गिरजाचं बघायचं राहिलं ते राहिलंच.

धाऊ हे विसरला नव्हता. पण तोंडानं बोलणारा माणूस नव्हेच तो. मग दोन हजार चारच्या सुमाराला माळशेजच्या रस्त्याला मुंबईवाले फार्महाऊससाठी जागा बघत फिरायला लागले आणि जगन जेवताना म्हणाला, "बाबा, आपलं रस्त्याकडचं मोक्याचं हाय." धाऊनं हातातला घास परत ताटात ठेवला. घर नि मागचं नाचणीचं शेत त्यानं स्वतः घेतलेलं. ते विकलं तर गिरजा म्हातारपणी जाईल कुठं?

तो मृत्युपत्र करायला मुरबाडला वकिलाकडे गेला. गिरजा हाय तोवर घर नि शेत विकायचं नाय, ती तिथंच राहील, नंतर सगळं जगनचं. वकिलानं लिहून घेतलं आणि विचारलं, "एक्झिक्युटर कोण? म्हणजे तुमच्या पाठीमागे हे असंच करून घेणारा माणूस?"

"त्यात काय इचारायचं? पोराचा मामा."

आमच्याकडे वाटणीला मामा हवाच. तो येऊन बसल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाय. तेव्हा पुढच्या खेपेला धाऊनं मेव्हण्याला, हनुमानला, एसटीत घालून आणलं. धाऊची साठी उलटलेली, तर हनुमान ऐंशीला टेकलेला. वकिलाचा जिना चढायला त्याला दोघांनी धरलं. वकिलानं त्याच्याकडे बघितलं, मग धाऊकडे.

"बाबा, हे तुमच्या पाठीमागे राहतील?"

आधी हनुमानच हसला, ठसका लागेस्तोवर हसला. "दाजी, माझ्या मयताला तुमी येनार, नि कामाला मला लावता व्हय?"

खाली चहा पिताना तो म्हणाला, "जगन भितो कुनाला?"

"कुनाला नाय."

"नीट सांगा."

धाऊनं बशी रिकामी केली. "अनिताला."

"मग?"

अनिता म्हणजे जगनची बायको. तिची नि गिरजाची चूल एक आणि भांडण रोजचं. मीठ, सरपण, कोंबड्या, विषय कुठलाही चालायचा. म्हातारा चळला, धाऊला वाटलं. तरी घरी येऊन, गिरजा रानात गेलेली बघून, त्यानं जगन-अनितापुढं कागदाचा नि त्यात अनिताचं नाव घालायचा विषय काढला.

जगन तडकला. "मी पोरगा असताना बाहेरचं नाव?"

"बाहेरचं कसं? तुझीच बायको हाय."

तांदूळ पाखडत बसलेल्या अनिताचं सूप थांबलं. धाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती नाय म्हणाली तर पुढं कुणाला विचारायचं, त्याला ठाऊक नव्हतं.

"आत्याचं नि माझं पटत नाय," ती म्हणाली. "पुढंबी पटनार नाय. पन दोन्ही बाळंतपनात माझी आय आजारी. शेक दिला तो आत्यानं, पोरांना न्हाऊ घातलं तेबी आत्यानं. वर शिव्याबी दिल्या, ते सोडा. तिला या घरातून कोन हलवतो तेच बघते. लिवा माझं नाव."

"मग मी कोन?" जगन म्हणाला.

"तुमी वारस. बसा गप."

"मी काय तिला बाहेर काढनार व्हतो? तिनंच मला वाढवला."

"नव्हता ना काढनार? मग कागदाला कशाला भिता?"

जगन डोकं खाजवत हसला. "लिवा, बाबा," म्हणाला.

तेवढ्यात गिरजा डोक्यावर मोळी घेऊन अंगणात आली. "तांदूळ टाकून काय सभा भरवली गो?" ती ओरडली. अनितानंही तितक्याच जोरात उत्तर दिलं.

धाऊ ओटीवरून उठला, बहिणीच्या डोक्यावरची मोळी त्यानं उतरवून घेतली. जन्मात कधी घेतली नव्हती.

गिरजा त्याच्याकडे बघतच राहिली. "दादा, बरं हाय ना रे तुला?"

"हाय," धाऊ म्हणाला. "बस जरा."