हब तेलाचं की ग्रीसचं?

कुंभकोणमला समुद्र नाही, तरी आमच्या वर्कशॉपमध्ये बोटी वाहून न्यायचे ट्रेलर बनतात. किनाऱ्यावरची माणसं येतात, ट्रेलर घेऊन जातात आणि जाताना माझं डोकं फिरवून जातात! आता वर्कशॉपमध्ये लोखंड कमी आणि असले किस्सेच जास्त साठलेत.

मी आणि माझे भावोजी, दोघं भागीदार. चाकाच्या हबमधलं बेअरिंग एकतर ग्रीसमध्ये बसवायचं, नाहीतर तेलात बुडवायचं. मी तेलवाला, ते ग्रीसवाले. घरी आम्ही आमच्या तंजावरी मराठीत भांडतो, गिऱ्हाइकासमोर तमिळमध्ये.

*

पट्टीश्वरमच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांना मी कळकळीनं सांगत होतो, "सार, ऑईल बाथ हब घ्या."

"ऑईल बाथ? शनिवारी घालायचा की बुधवारी?"

आमच्याकडे पुरुषांनी तेल लावून न्हायचे हे वार! पहिल्यांदा मीही हसलो. पण नंतर प्रत्येक गिऱ्हाइकानं हाच विनोद करावा? आणि वर मी हसावं म्हणून थांबावं? आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच ओरडतो, "शनिवारी!"

*

एकजण तणतणत आला. हबमधल्या ग्रीसचा चिखल झालेला.

"लांबून आल्या आल्या ट्रेलर समुद्रात घातलात ना? हब गरम असलं की पाणी आत ओढून घेतं. आधी निवू द्यायचं!"

"समुद्रातच तर निवत होतं!"

भावोजी तोंड दाबून मागच्या खोलीत पळाले. मी एकटा सापडलो.

*

तेलाच्या हबला पारदर्शक टोपी असते. आतलं तेल किती, कसं, ते बाहेरून दिसावं म्हणून. एका महाशयांनी त्या टोप्यांना बोटीला मॅचिंग असा झकास निळा रंग फासला!

"अहो, तेल दिसणार कसं?"

"तुम्हीच बसवलंय ना? मग तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही का?"



*

गेल्या पुरात मात्र हसायची वेळ नव्हती. पापनाशमच्या पलीकडे एका वस्तीत माणसं छपरांवर अडकलेली, आणि त्यांच्यासाठी निघालेली एका सरकारी ऑफिसची बोट आमच्या दारात अडकलेली. ट्रेलरचं चाक तापून हात लावू देईना. सील फाटून तेल गळून गेलेलं, आणि टोपीतून आत बघायची तसदी कुणी घेतली नव्हती! त्या मापाचं सील आमच्याकडे नव्हतं. नवं तेल ओतलं तर तेही गळणार.

 माझ्या तेलाच्या हबमध्ये भावोजींनी न गळणारं घट्ट ग्रीस ठासून भरलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू हाक. पण थांबू नकोस."

बोट पोचली. सगळी माणसं सुखरूप बाहेर आली. एक आजी तर शेळीसकट!

पाणी ओसरल्यावर त्या ऑफिसचे साहेब आले. मला वाटलं, आभार मानायला. मी खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली.

साहेब उभ्यानंच म्हणाले, "सँक्शन ऑईल बाथचं आहे. ग्रीस कुणाच्या परमिशननं भरलंत? काढा ते!"

माझं रक्त उसळलं. भावोजींनी मात्र शांतपणे हात पुसले.

"काढतो की, सार. तुम्ही तेवढी ती माणसं परत छपरांवर नेऊन बसवा!"